मागच्या लॉकचा दिवा

"दिवा लागतोय ना, मग झालं तर!" मघाशी हे तुमच्यातला कोण म्हणाला? बोला की. गाडीखाली झोपून असली वाक्यं फेकायची आणि विचारलं की हातातल्या पान्याकडे बघायचं. राहू दे, नाव नको सांगू. शटर अर्धं खाली ओढ, तो मोबाईल उपडा ठेव आणि बसा सगळे इथे. लाईट गेलीच आहे, आता काम काही होत नाही. एक झालेली गोष्ट सांगतो. ज्याच्या बाबतीत झाली तो माणूस माझ्या ओळखीचा. ओळखीचा म्हणजे काय, दुकानाला दुकान लागून होतं, त्यामुळे ओळख ठेवावी लागायची.

त्या दिवशी त्याच्याकडे काम आलं होतं ते अगदी साधं. बॉडीवाल्याकडून एक जुनी फोर बाय फोर ताब्यात घ्यायची, मागे डिझेलचे कॅन चढवायचे आणि टेकडीवरच्या टॉवरवर नेऊन सोडायची. शुक्रवार होता. मार्च संपत आलेला, रात्रीचे नऊ वाजून गेलेले, आभाळात चंद्र नाही. संध्याकाळी अवेळी एक मोठी सर येऊन गेली होती. त्या तारखेला कुणी मेलं नव्हतं की कुणाचं वर्ष भरत नव्हतं. तारखांचे असले मेळ भुताच्या गोष्टीत असतात, खऱ्या गोष्टीत नसतात.

माणूस गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि पाठ फिरली की दीडशहाणा. आता पाठच फिरलेली आहे, तेव्हा मी दीडशहाणाच म्हणणार. हात वाईट नव्हता त्याचा, खोटं कशाला बोलू? पण जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी त्याची अक्कल काढायची आणि मग बॉनेट उघडायचं, अशी रीत. "मला जमलं नाही" हे त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. जी गाडी त्याच्या हातून दुरुस्त होत नसे, ती बनवणाऱ्यानंच चुकीची बनवलेली असायची.

आता ही टॉवरची गाडी. तिचं मागचं लॉक समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी गप्प ऐका. ज्यांना माहीत आहे असं नुसतं वाटतं, त्यांनी तर जास्तच गप्प ऐका.

गाडीचं एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते. घरात जो आरडाओरडा करतो त्याच्याच ताटात जास्त पडतं, तसं. दुसरं चाक बिचारं घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म. ही वाटणी करतं ते डिफरन्शियल. त्याचं लॉक लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. फिरली तर दोन्ही, थांबली तर दोन्ही. त्या जुन्या गाडीत हे काम मागच्या एक्सलवर बसवलेली एक छोटी इलेक्ट्रिक मोटर करते. डॅशबोर्डवरचं गोल बटण फिरवलं की मोटर आतला काटा सरकवते. पण दातात दात लगेच बसत नाहीत. तोवर डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. मग गाडी जरा पुढे घ्यायची, जरा मागे घ्यायची. खालून 'खट्' असा आवाज येतो आणि दिवा स्थिर होतो. स्थिर झाला म्हणजे लॉक लागलं. हे ध्यानात ठेवा, मी परत सांगणार नाही.

टॉवर सांभाळायला आधी वर नाना राहायचे. एकटेच. जनरेटरला डिझेल घालायचं, यंत्रांकडे लक्ष ठेवायचं, आठवड्यातून दोनतीनदा खाली येऊन सामान न्यायचं. टेकडीचा रस्ता वरच्या टप्प्यात कच्चा आहे. लाल चिकणमाती. आणि एका वळणावर रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला काही नाही. काही नाही म्हणजे हवा आहे. तिथे नानांना लॉक लागायचंच लागायचं. आणि एक दिवस ते लागेना, म्हणून त्यांनी गाडी दीडशहाण्याकडे आणून सोडली.

त्या मोटरचा रोग जुनाच. पाणी शिरतं, ग्रीस सुकून डिंकासारखं होतं, मोटर जाम होते. दुरुस्ती अवघड नाही, पण धीराची आहे. काढा, उघडा, धुवा, हातानं हळूहळू मोकळी करा, नवं ग्रीस भरा. दीडशहाण्याकडे सगळं होतं, धीर सोडून. त्यानं जाम मोटरला थेट बॅटरीचा करंट दिला, स्क्रूड्रायव्हर घालून काटा रेटला आणि वर हातोडी घातली. आत एक पितळी दातेरी चक्र असतं, कोटाच्या बटणाएवढं. त्याचे ओळीनं तीन दात उडाले. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. त्यानं ते चक्र तळहातावर घेऊन पाहिलं आणि मागच्या दारातून गटारात भिरकावलं.

आता काय करायचं होतं? "नाना, माझ्या हातून मोडलं, दुसरी मोटर येईपर्यंत गाडी वर नेऊ नका." संपलं. नाना रागावलेसुद्धा नसते. पण साहेबांची जीभ जड झाली! जन्मात एकदाच जड झाली, ती नको तिथे.

मग त्यानं अक्कल चालवली. मोटरचं डबडं रिकामं केलं, काटा मोकळ्या बाजूला ढकलला, आत काही खडखडू नये म्हणून एक फडकं कोंबलं आणि होतं तसं बोल्ट आवळून बसवलं. आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याची वायर थेट बटणाला जोडली. बटण फिरवलं की दिवा लागणार. मागे लॉक लागो न लागो.

गाडी न्यायला नाना आले. बटण फिरवून पाहिलं. मान वाकडी करून जरा वेळ त्या दिव्याकडे बघत बसले.

"हा लगेच लागतो हो," नाना म्हणाले. "आधी लुकलुकायचा."

"आधी बिघडलेला होता, म्हणून लुकलुकायचा," दीडशहाणा म्हणाला. "आता दुरुस्त आहे, म्हणून लगेच लागतो. नाना, तुम्ही टॉवर सांभाळा, वायरिंग आम्ही सांभाळतो."

दुकानात चारदोन माणसं बसलेली होती, ती हसली. नानाही थोडे हसले. म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात त्या वळणावरून गाडी खाली गेली. नाना गेले. लोक म्हणाले वय झालं होतं, नजर अधू झाली होती, डोळा लागला असेल. आणि आमचा शहाणा चौकात उभा राहून काय म्हणाला असेल? "या वयात माणसानं गाडीला हात लावू नये." थू! हे कानानं ऐकलंय मी. तेव्हा मला आतलं काही माहीत नव्हतं, नाहीतर तिथेच...असो.

गाडी वर ओढली तेव्हा तिच्यात किल्ली नव्हती. नानांची किल्ली झिजलेली होती, चालू गाडीतूनसुद्धा निघून यायची. अंधारात हाताला कळावी म्हणून त्यांनी तिच्या डोक्याला पांढरा दोरा घट्ट गुंडाळला होता. पडताना उडाली असेल, म्हणून लोकांनी झाडी तुडवली, पण सापडली नाही. मग ऑफिसातून दुसरी किल्ली आणली. म्हणजे त्या गाडीला आता एकच किल्ली. पत्रा ठोकायला, रंगाला, काचा बसवायला गाडी बॉडीवाल्याकडे कित्येक महिने पडून होती. मागच्या एक्सलकडे कोण बघतंय? पत्रा चकचकीत झाला की लोकांना गाडी नवी वाटते.

आणि नानांच्या जागी वर नेमणूक कुणाची झाली? दीडशहाण्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दाजींची. दाजी, ताई आणि त्यांची पोरगी वर राहायला गेली. पोरगी तेव्हा पहिलीत, पुढचे दोन दात पडलेले. शाळा खाली गावात. सोमवारपासून दाजी तिला रोज त्या गाडीतून नेणार आणि आणणार होते.

म्हणजे बघा. तो दिवा खोटा आहे हे जगात एकाच माणसाला माहीत. आणि त्याची सख्खी भाची त्या दिव्याच्या भरवशावर रोज ते वळण चढणार. सांगायला जावं तर नानांचं सगळं ओकावं लागणार. मग यानं मनाशी काय ठरवलं? सवडीनं एखाद्या रविवारी गुपचूप नवी मोटर टाकू. तोवर दाजी कुठे लॉक लावतोय! त्याला वायपरचं बटण सापडत नाही. असा हा मामा.

तर त्या शुक्रवारी दाजींचा फोन आला. जनरेटरचं डिझेल तळाला गेलंय, गाडी तयार आहे म्हणतात, तेवढी आजच वर आणून द्या. हा निघाला. रात्रीचं, ओल्या रस्त्यावरून, त्याच गाडीतून जायला त्याला काही वाटलं का? छे! एका हातानं स्टिअरिंग, दुसरा खिडकीत, शीळ घालत चालला होता. नाना चढू शकले नाहीत ते त्यांना चालवता येत नव्हतं म्हणून, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्याला स्वतःलाही खरं वाटत होतं.

डांबर संपलं. लाल माती सुरू झाली. त्यानं गाडी चारी चाकांच्या हलक्या गियरमध्ये टाकली आणि जोरात दामटली. वळणापर्यंत ठीक आली. वळणावर मागचं बाहेरचं चाक मोकळं फिरायला लागलं. गर्र... गर्र... चिखल उडून पत्र्यावर आपटायला लागला. गाडी जागची हलेना. उलट मागचा भाग हळूच बाहेरच्या अंगाला सरकला.

त्यानं पाय काढला. हँडब्रेक ओढला. दोन शिव्या घातल्या, एक मातीला आणि एक बॉडीवाल्याला. लॉकच्या बटणाला हात लावला नाही. लावून उपयोग नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

तेवढ्यात डॅशबोर्डवर काहीतरी चमकलं.

लॉकचा दिवा.

लागला... विझला. लागला... विझला.

लूज कनेक्शन, तो स्वतःशी म्हणाला. बॉडीवाल्यानं वायर ओढली असेल. दुसऱ्याची चूक काढायची सवय, ती तिथेही सुटेना. पण बटण बंद होतं. त्यानं चाचपून पाहिलं, बंदच. आणि तो दिवा लुकलुकूच शकत नव्हता. त्याची वायर यानं स्वतःच्या हातानं जोडलेली होती. एक तर लागणार, नाहीतर विझणार. तिसरं काही त्याला येतच नव्हतं.

लागला... विझला.

त्यानं गाडी बंद केली. इंजिन थांबलं. हेडलाईट विझवले. किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

अंधार. शांत. दूर कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

दिवा लागला... विझला.

त्याची शीळ मघाशीच बंद पडली होती. आता श्वाससुद्धा तो ऐकू येऊ नये असा घ्यायला लागला.

मग गाडी हलली.

पुढे. वीतभर.

थांबली.

मागे. वीतभर.

इंजिन बंद. हँडब्रेक ओढलेला. चढ असा की गाडी सुटली असती तर मागेच गेली असती. ती पुढे गेली. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. घाई नाही. झटका नाही. दातात दात बसेपर्यंत वाट बघणारा माणूस जशी गाडी हलवतो... तशी. आयुष्यभर तेच केलेलं असावं, इतकं सवयीचं.

पुढे...

मागे...

खालून आवाज आला.

खट्.

दिवा स्थिर झाला.

त्याच्या उजेडात डॅशबोर्डचा थोडा भाग दिसत होता. आणि शेजारच्या सीटची कड. तिकडे मान वळवायची त्याची छाती झाली नाही. कुणी बोललं नाही. एक शब्द नाही. पण कुणीतरी काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत बसलंय... असं त्याला वाटलं. वाट बघणं संपेना.

शेवटी तोच बोलला.

"हो... लुकलुकला."



दार कसं उघडलं, उडी कशी मारली, त्याला आठवत नाही. पळाला तो वरच्या बाजूला, कारण खाली जायचं तर गाडीला वळसा घालून त्या मोकळ्या कडेनं जावं लागलं असतं. चिखलात दोनदा पडला. एक चप्पल गेली. रस्ता एकच, दोन्हीकडे खडक आणि झाडी. मागून गाडी आली असती तर अंगावरूनच जायला हवी होती. मागून काही आलं नाही. नुसता अंधार होता आणि याचा स्वतःचा धापा टाकण्याचा आवाज.

वर टॉवरच्या खोलीत उजेड होता. बाहेर दाजी जनरेटरपाशी उभे, डिझेलचा रिकामा कॅन झटकत.

"काय मेहुणे!" दाजी म्हणाले. "गाडी लावून कुठे गायब झालात? आणि हे काय, चिखलात लोळलात की काय? ताईला काय तोंड दाखवाल!"

याला काही कळेना. "गाडी...?"

"शेडमध्ये आहे की, तुम्हीच लावलीत ना? मी आतून हात धुऊन येतोय तोवर तुम्ही पसार. म्हटलं, मेहुणेबुवांना घाईची लागली असेल." दाजी स्वतःच्या विनोदावर हसले. "पण काय चढली हो! इथून ऐकत होतो. वळणावर जरा थांबली, मग एका दमात वर. एकदाही चाक फिरल्याचा आवाज नाही. लॉक म्हणजे लॉक आहे हां!"

शेडमध्ये गाडी उभी होती. सरळ, नीट, भिंतीला समांतर. तो गाडी अशी कधीच लावायचा नाही.

आत ताईनं त्याला टॉवेल दिला, पाणी दिलं. "आता सोमवारपासून पोरीला न्यायला हरकत नाही ना रे?" तिनं विचारलं. "नानांचं तसं झाल्यापासून मला त्या वळणाची धास्ती वाटते. तू लॉक बघितलंयस ना? तू सांगितलंस की मी निर्धास्त."

आता तुम्हीच सांगा. एवढं सगळं अंगावरून गेलेलं. समोर सख्खी बहीण विचारते आहे, लेकराचं विचारते आहे. गाढवसुद्धा खरं बोललं असतं. हा काय म्हणाला?

"हो. लॉक मीच केलंय. नव्यासारखं आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. मला भुताची भीती वाटत नाही रे पोरांनो, असल्या माणसाची वाटते.

एवढं बोलून तो उठला. दाराशेजारी भिंतीत एक खिळा होता, गाडीची किल्ली लावायचा. नानांच्या वेळेपासूनचा. त्यानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि त्या खिळ्याकडे गेला.

"आता ही कसली?" ताई म्हणाली. "किल्ली लावलीस की मघाशीच. हे आत आले तेव्हा होती खिळ्यावर."

खिळा रिकामा होता.

पोरगी आतल्या खोलीतून आली. तिच्या हातात किल्ली होती, खेळायला काढून घेतलेली. किल्लीच्या डोक्याला पांढरा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. आणि किल्लीला तांब्याच्या वायरीनं काहीतरी अडकवलेलं होतं. कोटाच्या बटणाएवढं. पितळी.

"मामा," पोरगी म्हणाली, "हे चाक कसलं आहे? याचे पण दात पडलेत."

ओळीनं तीन.

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. ते चक्र त्याच्याशिवाय जगात कुणी पाहिलेलं नव्हतं. गटारातलं सगळं कधीच वाहून गेलेलं. ताई विचारत राहिली, "काय झालं? अरे, काय झालं?" दाजी धावत आत आले. आणि मग तो बोलायला लागला. खाली मान घालून, सगळं. हातोडी, फडकं, वायर. नाना दिव्याकडे बघत बसले होते ते. दुकानातली माणसं हसली ते.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनी तुला विचारलं होतं."

ताई त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"विचारलं होतं ना रे त्यांनी?"

त्यानं मान हलवली. ताईनं पोरीच्या हातातून किल्ली घेतली, तिच्याकडे न बघता परत खिळ्याला लावली, पोरीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी घातली. तो रात्रभर बाहेर पायरीवर बसून होता. दाजींनी त्याला पांघरूणसुद्धा दिलं नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं.

उजाडल्यावर दोघं गाडीखाली शिरले. मोटरचे बोल्ट यानं आवळले होते तसेच, त्यांच्यावर वर्षभराची माती बसलेली. डबडं उघडलं. आत चक्र नाही, काही नाही. यानं कोंबलेलं फडकं होतं, कोरडं. ती गाडी लॉक लावून वर येणं शक्यच नव्हतं. दाजींनी ते फडकं हातात धरून त्याच्याकडे नुसतं बघितलं. सोमवारी ते पोरीला चालत खाली घेऊन गेले. नवी मोटर बसेपर्यंत रोज चालतच नेत होते.

मोटर यानंच बसवली. धीरानं, नीट, ग्रीस भरून. दिवा आता लुकलुकतो, मग स्थिर होतो. नानांच्या गावी जाऊन त्यांच्या मुलालाही सांगून आला म्हणतात. त्या मुलानं काय केलं ते मला माहीत नाही, आणि विचारायला मी गेलोही नाही. दुकान तो अजून चालवतो. गिऱ्हाईकाची अक्कल काढत नाही आता, त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो. म्हणून काही माझ्या मनातून तो वर आला नाही. माणूस मेल्यावर येणारं शहाणपण काय चाटायचंय? ताई त्याच्याशी कामापुरतं बोलते. पोरगी मोठी झाली, तीही तेवढंच.

हे मला दाजींनी सांगितलं, आणि गाडीतलं त्यानं स्वतः, एकदाच, दारू न पिता.

हसताय होय? हसा. मीही हसलो होतो. गेल्या पावसाळ्याआधी टॉवरच्या गाडीच्या मागच्या एक्सलमधलं क्राऊन बघायला मला वर बोलावलं होतं, तेव्हा गेलो. खिळा दाराशेजारीच आहे. दाजी आपली किल्ली खिशात ठेवतात. खिळ्यावरच्या त्या दोऱ्याच्या किल्लीला घरात कुणी हात लावत नाही, ताई भिंतीचा तेवढा भाग झाडतसुद्धा नाही. दोऱ्यावर धूळ होती. खिळा गंजलेला. तांब्याची वायर हिरवी पडलेली.

दाजी चहा करायला आत गेले. मी ते चक्र दोन बोटांत धरून पाहिलं. ते मात्र स्वच्छ होतं.

उरलेल्या दातांना ग्रीस लावलेलं होतं. ओलं. माझ्या बोटांना लागलं.